कोळसा आमच्या पायाखाली, तारा आमच्या डोक्यावरून

ग्रामसभा असो, लग्नाची पंगत असो की पानठेला, लाइटचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतोच, "भाऊ, कोळसा आपला, पाणी आपलं, धूर आपल्या नाकात, आन लाइन जाते तेबी आपल्याच गावची, हे कसं काय?" प्रश्न एकदम बरोबर आहे आणि त्याचं उत्तर नीट कोणी देत नाही म्हणून मी इथं लिहून राहिलो. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, वर्धा नदीच्या पट्ट्यात आहे, वणी एका बाजूला, राजुरा-घुग्घुस दुसऱ्या बाजूला, रात्री गच्चीवर झोपलं की खाणीच्या मशीनचा घरघर आवाज येतो आणि कधीकधी ब्लास्टिंगनं ताटं हलतात. जे समजलं ते सोप्या भाषेत सांगतो, जरा लांब होईल पण शेवटपर्यंत वाचा.

तर पहिले त्या प्रश्नाचं उत्तर. वीज ज्या गावाजवळ बनते त्या गावाची नसते, ती ग्रिडमध्ये जाते. ग्रिड म्हणजे तारांचं जाळं, धरणातून कालवा काढला की कालव्याच्या काठावरच्या वावराला पाणी मिळेलच असं नसतं ना, दार कुठं उघडायचं ते ठरवणारा वेगळा असतो, तसंच. चंद्रपूरहून एक मोठी लाइन निघते ती सरळ ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला जाते, ७५२ किलोमीटर, ५०० केव्हीची, डीसी करंटची, आणि तिची ताकद १५०० मेगावॅट आहे. १९९९ पासून चालू आहे. म्हणजे तिकडं मुंबईकडं दिवे लागतात ते आपल्याकडच्या विजेवर, आणि मधल्या शेकडो गावांच्या डोक्यावरून ती तार जाते पण त्या तारेतून तिथं कोणाला एक बल्ब लावता येत नाही कारण ते काम गावातल्या डीपीचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं, डीपीला वीज देणारं सबस्टेशन वेगळं, आणि त्याची देखभाल कशी आहे यावर आपली लाइन टिकते. मुंबईच्या लोकांवर माझा राग नाही, त्यांनाही वीज लागतेच. पण हिशोब कळला पाहिजे.

आता हिशोबच करू. एक युनिट म्हणजे किती? आपला घरचा साधा कूलर साधारण २०० वॅटचा धरा, तो पाच तास चालला की एक युनिट झालं, म्हणजे हजार वॅट, अर्थात एक किलोवॅट, एक तास चाललं की एक युनिट. हे एक युनिट कोळशाच्या वीज केंद्रात बनवायला ६००-७०० ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. आपल्या देशातल्या कोळशात राख भरपूर, शंभर किलो जाळला की तीस-चाळीस किलो राख उरते, म्हणजे त्या पाच तासांच्या कूलरमागं दोन-अडीच मुठी राख कुठंतरी पडली. पाणीही लागतं, २०१५ च्या नियमानं कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या केंद्रांना एका युनिटमागं साडेतीन लिटरची मर्यादा घालून दिली आहे. आणि धूर? त्यातला कार्बन डायऑक्साइड जवळपास एक किलो निघतो.

इथं माझी पोरगी अडली होती. ती म्हणे बाबा, कोळसा सातशे ग्रॅम जाळला तर धूर एक किलोचा कसा? प्रश्न चांगला आहे, मोठ्या माणसांनाही पडत नाही. झालं असं की कोळशातला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन स्वतःला चिकटवून घेतो. १२ ग्रॅम कार्बन ३२ ग्रॅम ऑक्सिजन ओढतो आणि ४४ ग्रॅमचा वायू तयार होतो. कोळशातला निम्म्याच्या आसपास भागच कार्बन असतो, बाकी राख आणि ओल, तरी वजन वाढतं ते यामुळं. दिसत नाही, वास येत नाही, म्हणून कोणाला वाटत नाही की एवढं काही गेलं. आता चंद्रपूरचं मोठं केंद्र घ्या, २९२० मेगावॅटचं, ते पूर्ण ताकदीनं एक तास चाललं तर २९ लाख २० हजार युनिटं होतात, गुणाकार तुम्हीच करा.

हा कार्बन कुठून आला होता ते बघितलं की मला अजून अंगावर काटा येतो. २५-३० कोटी वर्षांपूर्वी, डायनोसोरच्याही आधी, आपल्या या खोऱ्यात दलदलीची जंगलं होती, ती झाडं मेली, गाळाखाली दबली, त्यांनी हवेतून घेतलेला कार्बन त्यांच्यासोबत जमिनीत गेला आणि तिथंच राहिला. आपण तो एका पिढीत वर काढून हवेत सोडून राहिलो. कारखान्यांचा जमाना सुरू व्हायच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत २८० भाग हा वायू होता, आता ४२० च्या वर आहे. तो वायू पृथ्वीवर पांघरलेल्या वाकळीसारखा वागतो, ऊन आत येऊ देतो पण जमिनीतून निघणारी उष्णता लवकर बाहेर जाऊ देत नाही. वाकळ मुळात पाहिजेच, नाहीतर पृथ्वी गोठली असती, पण मे महिन्यात वाकळीवर दुसरी वाकळ घातली तर काय होईल. २०२४ साल तर आतापर्यंतच्या मोजमापातलं सगळ्यात गरम साल निघालं, जुन्या काळाच्या मानानं दीड अंशाच्या वर.

कोणी म्हणेल दीड अंशानं काय होते, आपल्याकडं तर पारा ४५-४६ ला जातोच. होते ना. हवा एक अंशानं गरम झाली की ती साधारण सात टक्के जास्त पाणी धरून ठेवू शकते, म्हणजे पाणी वावरातून, तळ्यातून ओढायची ताकद वाढते आणि पडायला लागते तेव्हा धो धो पडते. पऱ्हाटी उगवली की वीस-वीस दिवस पावसाचा खंड आणि बोंडं फुटायच्या वेळी तीन दिवसांत महिन्याचा पाऊस, हे आपण सगळे बघून राहिलो. २०२२ च्या जुलै-ऑगस्टात वर्धेला पूर आला तेव्हा आमच्या इकडचं सोयाबीन पाण्याखाली सडलं, एकेक पूर कशानं आला ते कोणी छातीठोक सांगू शकत नाही, पण असे पाऊस जास्त जोराचे होणार हे शास्त्र सांगते. उलट बाजूही बघा, २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण आटलं आणि पाण्याअभावी चंद्रपूर केंद्राचे संच बंद ठेवायची वेळ आली. म्हणजे वीज बनवायला पाणी पाहिजे, ऊन तापलं की पाणी आटते, आणि नेमकी तेव्हाच कूलरसाठी सगळ्यांना वीज पाहिजे.

इथं एक गल्लत लोक करतात ती आधी सोडवतो. राख-धूळ वेगळी आणि हा वायू वेगळा. राख इथंच पडते, आपल्या पत्र्यावर, मिरच्या वाळत घातल्या त्यावर, छातीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक भागांना गुण दिले होते, जास्त गुण म्हणजे जास्त घाण, त्यात चंद्रपूरला ८३.८८ मिळाले होते, देशात चौथा नंबर. राख पकडायला चिमणीच्या आधी विजेवर चालणारे मोठे फिल्टर लावतात, ते चांगले चालले तर बरीचशी राख अडते. पण कार्बन डायऑक्साइड त्या फिल्टरमधून आरामात निघून जातो. म्हणून "आता फिल्टर लावले, आता प्रदूषण नाही" असं कोणी सांगितलं तर अर्धंच खरं आहे. राखेसाठी भांडायचं ते आपल्या लेकरांच्या छातीसाठी, आणि वायूसाठी भांडायचं ते आपल्या पावसासाठी. दोन्ही भांडणं आपलीच आहेत.

"मग करून टाका बंद" असं शहरातला माणूस पटकन म्हणतो. माझ्या शेजारचा भाऊ खाणीत आहे, दोन एकराला एक नोकरी या हिशोबानं त्याच्या बापाची जमीन गेली आणि तो लागला. त्याच्यासारखे पक्के कामगार एक, त्यांना पगार, क्वार्टर, दवाखाना. पण त्याच्या खाली ठेकेदाराकडचे ड्रायव्हर, हेल्पर, सिक्युरिटीवाले, त्याच्याही खाली टायर पंक्चरवाला, चहाची टपरी, ट्रकवाल्यांना डबे देणारी बाई. खाण बंद झाली की पक्क्या माणसाची बदली होते. डबे देणाऱ्या बाईची बदली कुठं करणार? तिचं नाव कोणत्याच यादीत नाही.

जगात असं झालेलं आहे. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात लॅट्रोब व्हॅली म्हणून कोळशाचं खोरं आहे, तिथलं हेझलवूड नावाचं १६०० मेगावॅटचं केंद्र, नोव्हेंबर २०१६ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की बंद करणार आणि मार्च २०१७ अखेर बंद केलंही. पाच महिने. पिढ्यानपिढ्या ज्या कोळशावर जगलो त्याच्यातून बाहेर निघायला पाच महिने! तिथल्या सरकारला मग धावपळ करून खोऱ्यासाठी वेगळं कार्यालय काढावं लागलं. पण त्याच्या आधीची गोष्ट मला जास्त शिकवून गेली. २०१४ च्या फेब्रुवारीत तिथल्या उघड्या खाणीला आग लागली आणि ४५ दिवस धूर शेजारच्या मॉरवेल गावावर बसून राहिला. नंतर गावकऱ्यांना संशय आला की त्या दिवसांत माणसं जास्त गेली. त्यांनी काय केलं, तर मृत्यूच्या सरकारी नोंदी मिळवल्या, आधीच्या वर्षांशी ताडून बघितल्या, आणि त्या जोरावर सरकारला चौकशी पुन्हा उघडायला लावली. साधी माणसं. अशी नोंदवही आपल्या ग्रामपंचायतीतही आहे, कपाटात, लाल कापडात बांधलेली.

आणि आपल्याकडं काय होते ते सांगायला लांब जायला नको. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं, सत्तर-ऐंशी फूट खोल. घरातली माणसं वेळेवर बाहेर निघाली म्हणून वाचली. तिथं खाली जुन्या भूमिगत खाणी होत्या. कोळसा काढून झाला, वर वस्ती राहिली, आणि खालची पोकळी कोणाच्या लक्षात नव्हती. म्हणून मी म्हणतो की खाण चालू असताना जेवढं विचारायचं त्याच्या दुप्पट खाण बंद होताना विचारायचं असते.

बरं, आता सूर्याकडं वळू. बातम्यांत येते की देशातली निम्मी वीज आता बिगर-कोळशाची झाली, तर हे वाक्य नीट वाचा. २०२५ च्या जूनमध्ये देशाच्या विजेच्या क्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगर-कोळशाची, बिगर-गॅसची झाली हे खरं आहे. पण क्षमता म्हणजे बैलाची ताकद, आणि युनिट म्हणजे त्यानं प्रत्यक्ष वखरलेलं वावर. सोलर रात्री बसून असते, ढगात अर्धं काम करते, कोळसा चोवीस तास ओढतो. म्हणून प्रत्यक्ष युनिटांत अजूनही चारपैकी तीनच्या आसपास कोळशाचीच आहेत. यात निराश व्हायचं काही नाही, बदल खरा आहे आणि वेगानं होऊन राहिला, पण उद्या सकाळी खाणी बंद होणार असं समजून कोणी शेत विकायची घाई करू नये, आणि खाणी कायम राहणार असं समजून पोरांना फक्त डंपरचं लायसन काढून देऊनही बसू नये. मधली वीस-तीस वर्षं आहेत, त्यातच सगळं ठरणार.

पॅनेलचं काम सोपं आहे. काचेखाली सिलिकॉनच्या पातळ चकत्या असतात, ऊन पडलं की त्यातून करंट निघतो, ना जळण ना चाक. एक किलोवॅट पॅनेल, म्हणजे साधारण शंभर चौरस फूट जागा, आपल्या उन्हात वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला चार युनिटं देते. लोकांना वाटते की विदर्भात ऊन इतकं म्हणजे मे महिन्यात पॅनेल पेटून उठणार. उलट आहे. पॅनेलला उजेड पाहिजे, गरमी नको. २५ अंशाच्या वर दर अंशाला त्याची ताकद ०.३ ते ०.४ टक्के कमी होते, आणि मे महिन्यात दुपारी पॅनेल हात लावू देत नाही, ६५ अंशावर जाते, म्हणजे बारा-पंधरा टक्के गेले. म्हणून पॅनेल स्लॅबला चिकटवून बसवायचं नाही, खालून हवा खेळली पाहिजे, हे बसवणाऱ्याला सांगा, तो घाईत असतो.

आणि दुसरी गोष्ट धूळ. माझ्या चुलतभावानं दोन वर्षांपूर्वी घरावर तीन किलोवॅट बसवलं. पहिला महिना मजेत, मग दिवाळीनंतर युनिटं कमी दिसायला लागली, तो म्हणे कंपनीनं फसवलं. मी सकाळी वर गेलो, बोट फिरवलं तर बोटाची रेघ उमटली. बादलीभर पाणी, जुनी सुती साडी फाडून केलेलं फडकं, आणि एक पॅनेल पुसलं तर फडकं काळं कुळकुळीत, पिळलं तर शाईसारखं पाणी. खालून काकू विचारते, "काऊन रे, काय धुऊन राहिले तुम्ही सकाळी सकाळी?" ते फडकं तिच्यासमोर धरलं तर ती बोललीच नाही, नुसती त्याच्याकडं बघत राहिली, मग म्हणे, "हे तं आपण रोज आत घेतो." आठ पॅनेल पुसून झाले आणि त्या दिवशी युनिटं परत वर. त्यामुळं खाणीच्या पट्ट्यात सोलर बसवणाऱ्यानं नियम करून घ्यावा, पावसाळा सोडून आठ-दहा दिवसांतून एकदा, सकाळी सहा-सातच्या आत पुसायचं, गरम काचेवर गार पाणी टाकायचं नाही आणि घासणी वापरायची नाही.

घरासाठी केंद्र सरकारची योजना आहे ती २०२४ च्या फेब्रुवारीत आली, पीएम सूर्यघर. एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा जास्तीला ७८ हजार सबसिडी. मीटर दोन्हीकडून मोजणारं असते, दिवसा जास्तीची वीज तुम्ही तारेत टाकली ती जमा, रात्री वापरली ती खर्च, शेजारणीकडं वाटीभर साखर दिली आणि नंतर परत आणली असा तो व्यवहार. पण खरं सांगतो, ज्या घरावर कवेलू, म्हणजे कौलं, आहेत त्याला या योजनेचा उपयोग नाही, कवेलूवर लोखंडी स्टँड कुठं बसवणार? ज्याचं महिन्याचं बिल साठ युनिटाचं आहे त्यानं तीन किलोवॅटसाठी कर्ज काढणंही मला पटत नाही, त्याला एक किलोवॅट पुष्कळ झालं, महिन्याला १२० युनिटं पडतात.

शेतीसाठी दोन रस्ते आहेत. एक म्हणजे वावरातच सौर पंप, राज्याच्या "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेत साधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के भरावे लागतात, अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाचपर्यंत ५, त्याच्या वर साडेसात. दुसरा रस्ता मला जास्त महत्त्वाचा वाटतो, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी, २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये मोठी करून पुन्हा आली. यात सबस्टेशनजवळ काही मेगावॅटचा सोलर प्लँट बसवतात आणि शेतीचा फीडर, म्हणजे शेतीच्या पंपांना वीज देणारी लाइन, त्यावर दिवसा चालवतात. दिवसा! ज्यानं हिवाळ्यात रात्री दोन वाजता गव्हाला-हरभऱ्याला पाणी दिलं त्यालाच या शब्दाचा अर्थ कळेल. ताडोबाच्या आजूबाजूला रात्री ओलीत करायला जाणं म्हणजे काय ते सांगायला नको, एका हातात बॅटरी, एका हातात काठी, रानडुक्कर निघते, साप निघतो, वाघ निघतो, आणि बायको पहाटेपर्यंत जागी. माझ्यासाठी सोलरचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, पर्यावरण नंतर.

या योजनेत खासगी जमीन भाड्यानं घेतात, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ, म्हणजे एकरी पन्नास हजार. ग्रामपंचायतीला तीन वर्षं वर्षाला पाच लाख. ऐकायला चांगलं आहे, बरड जमिनीला तर फारच चांगलं. पण इथंच मला थांबून बोलायचं आहे. बहुतेक वेळा खासगी नाही, गायरान जमीनच घेतली जाते. गायरान कागदावर पडीक दिसते, पण तिथं कोणाच्या बकऱ्या चरतात, कोणाची बाई काड्या आणते, कोणी भूमिहीन वीस वर्षांपासून दोन ओळी तूर पेरतो. कोळशाच्या वेळीही नकाशात "पडीक" लिहून हेच झालं होतं. सोलर स्वच्छ आहे म्हणून त्याला विचारायचंच नाही असं होऊ नये. कोणाची चराई जाते, त्याला काय मिळेल, पॅनेल धुवायला आणि गवत काढायला गावातली माणसं लागतील की बाहेरून आणाल, पाणी कुठल्या विहिरीचं, हे ठरावात लिहून घ्यायचं. ठराव आधी, कुदळ नंतर.

आता आमच्याच गावची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी गावात सौर पथदिवे लागले, दहा खांब, उद्घाटन झालं, फोटो झाले. तिसऱ्या वर्षी सहा बंद, पाचव्या वर्षी सगळे. बॅटरी मेल्या होत्या. शिसे-आम्लाची बॅटरी तीन ते पाच वर्षांतच जाते हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, बसवणाऱ्या एजन्सीचा फोन लागत नव्हता आणि नवीन बॅटरीसाठी पैसा कोणी बाजूला काढला नव्हता. एका खांबावरची पेटी तर तुटली आणि त्यात चिमण्यांनी घर केलं. तेव्हापासून गावात कोणी सोलर म्हटलं की लोक त्या खांबाकडं बोट दाखवतात. त्यांचं चुकत नाही.

म्हणून या वेळी आम्ही काही जण नळयोजनेपासून सुरुवात करायचं म्हणतो, कारण नळाचं पाणी सगळ्यांचं आहे, कवेलूवाल्याचंही आणि स्लॅबवाल्याचंही. ग्रामपंचायतीचं लाइट बिल थकलं की पंपाची लाइन कापतात आणि मग बाया दोन दोन गुंड, म्हणजे घागरी, डोक्यावर घेऊन नदीला जातात, हे दर दोन-तीन वर्षांनी होते. हिशोब बघा. पंप ५ एचपीचा, म्हणजे पावणेचार किलोवॅट. दिवसाला सहा तास चालला तर २२ युनिटं. दिवसाला २२ युनिटं द्यायला साडेपाच किलोवॅट पॅनेल पुरते. त्याला जागा लागते साडेपाचशे-सहाशे चौरस फूट, आमच्या शाळेच्या एका बाजूच्या स्लॅबवर आरामात मावते. बॅटरी नाही, म्हणजे बॅटरी मरायची भीती नाही, पाणी दिवसाच टाकीत चढवायचं, आपली टाकी हीच आपली बॅटरी. बिल वाचलं त्यातला काही भाग दर महिन्याला वेगळ्या खात्यात, इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलचा करंट पंपाला चालेल असा करणारी पेटी, बिघडला तर त्यातून. इन्व्हर्टर आठ-दहा वर्षांत एकदा बदलावा लागतो असंच धरून चालायचं.

गावाला असं काही चालवता येते का, हा पुढचा प्रश्न. येते. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा सगळ्यांना माहीत आहे, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं, त्यांना २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. पण आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं, गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव कमी लोकांना माहीत आहे. छोटं गाव, २०१२ मध्ये हजार हेक्टरच्या वर जंगलाचा हक्क मिळाला, आणि बांबू कोण तोडणार, किती तोडणार, मजुरी किती, लिलाव कसा, खात्यात किती आले हे सगळं ग्रामसभा बसून ठरवते. आणि नाही म्हणायचं तर तेही लोकांनी केलेलं आहे, २००९ मध्ये ताडोबाजवळ लोहाऱ्याला कोळशाची खाण येणार होती, चंद्रपूरच्या लोकांनी उपोषण केलं, मोर्चे काढले, ती खाण झाली नाही. ज्या माणसांना लाखोंचा बांबू मोजता येतो त्यांना साडेपाच किलोवॅटचं मीटर वाचता येणार नाही असं मला वाटत नाही.

पैसा कुठून, हे विचारतात. दोन दारं आहेत जी गावानं कधी वाजवलीच नाहीत. एक, जिल्हा खनिज प्रतिष्ठान. २०१५ च्या कायदादुरुस्तीपासून खाणवाल्यांना रॉयल्टीच्या वर ठराविक वाटा या निधीत भरावा लागतो आणि तो खाणबाधित भागासाठीच आहे, पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, आणि ऊर्जासुद्धा त्यात बसते. जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या इमारती होतात त्यातल्या काही याच पैशानं. आपल्या गावचा ठराव तिथं गेलाच नसेल तर आपल्यासाठी कोण मागणार? दुसरं दार, खाण बंद करायचा पैसा. कोळसा मंत्रालयाच्या २००९ च्या सूचनांप्रमाणे प्रत्येक खाणीला बंद करण्याचा आराखडा लागतो आणि त्यासाठी एस्क्रो खात्यात दरवर्षी पैसे टाकावे लागतात, तेव्हाच्या दरानं उघड्या खाणीला हेक्टरी ६ लाख आणि भूमिगतला १ लाख असा हिशोब होता. एस्क्रो म्हणजे असं खातं की पैसा टाकणाऱ्यालाही मनात आलं म्हणून काढता येत नाही. म्हणजे तो खड्डा, ती मातीची डोंगरं, तिथं नंतर काय होणार याचा कागद आधीच कुठंतरी आहे. माहितीच्या अधिकारात तो मागता येतो, दहा रुपयांचा अर्ज. त्या बंद खाणीच्या जमिनीवर तळं होणार की सोलर होणार की झाडं, आणि ते कोणाच्या नावावर, हे विचारायची वेळ खाण चालू असतानाच आहे.

आणि नवीन खाण किंवा जुनीची वाढ आली तर जनसुनावणी होते, ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, प्रकल्पाचा सारांश मराठीत मिळाला पाहिजे, आणि तिथं कोणीही बोलू शकतो. बोललेलं लिहून घेतात. मंडपात नुसतं बसून नाश्त्याचं पाकीट घेऊन परत यायचं नाही, आपलं म्हणणं कागदावर लिहून न्यायचं आणि पोच घ्यायची. मी दोन सुनावण्यांना गेलो, तिथं बाया फार चांगलं बोलल्या, धुळीचं, पाण्याचं, ब्लास्टिंगनं भिंतीला गेलेल्या तड्यांचं, पण त्यांच्याकडं कागद नव्हता.

तर आता आमच्या गावात सध्या चाललं आहे ते इतकंच. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत नळयोजनेचा सोलरचा ठराव मांडायचा आहे आणि त्याआधी घरोघरची बिलं गोळा करून राहिलो, कोण किती युनिटं वापरते, गावाला मिळून किती लागतात, हे कोणालाच माहीत नाही, सरपंचालाही नाही. संध्याकाळी समाजमंदिराच्या ओट्यावर दोन पोरं वही घेऊन बसतात. कोणी मोबाइलमध्ये बिल दाखवते, कोणी चुरगळलेला कागद आणते. परवा एक आजी आली, पिठाच्या डब्यात तीन वर्षांची बिलं जपून ठेवलेली, सगळ्यांना पीठ लागलेलं. म्हणे, "मले वाचता येत नाही, पण एकही फेकलं नाही बापू, कधीतरी कोणी विचारन म्हणून." पोरांनी एकेक बिल झटकून तारखेप्रमाणे लावलं. छत्तीस निघाली. वहीत तिचं नाव चौसष्टावं आहे, अजून पन्नासेक घरं राहिली आहेत, आणि आज रात्री लाइन असेल तर बाजाराकडची गल्ली करायची आहे.